रोगनामांचे पाठभेद : देशोदेशींच्या रुग्णनोंदींच्या एकत्रीकरणाची चिकित्सा

१

एका देशातील रुग्णालयांत साठलेल्या नोंदी दुसऱ्या देशातील संशोधकांस अभ्यासासाठी उपलब्ध व्हाव्यात, ही आता केवळ कल्पना राहिलेली नाही. फिनलंडने आरोग्यविषयक नोंदींच्या दुय्यम उपयोगासंबंधी २०१९ साली स्वतंत्र कायदा केला. युरोपीय संघाने आपल्या सर्व सदस्य-राष्ट्रांतील अशा नोंदींकरिता एक सामाईक क्षेत्र निर्माण करणारा कायदा २०२५ साली अमलात आणला असून त्यातील तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू व्हावयाच्या आहेत. ब्रिटनमधील यू. के. बायोबँक ह्या संस्थेने सुमारे पाच लक्ष व्यक्तींची माहिती गोळा केली आहे आणि निरनिराळ्या देशांतील संशोधक तिचा उपयोग करीत आहेत. ह्या उद्योगाचे प्रयोजन उघड आहे. अत्यंत विरळ अशा रोगाचे पुरेसे रुग्ण कोणत्याही एका देशात सापडत नाहीत. औषधाचा क्वचित होणारा दुष्परिणाम काही शेकडा रुग्णांच्या चाचणीत दिसून येत नाही. आणि एका समाजापुरते खरे ठरलेले अनुमान दुसऱ्या समाजास लागू पडते की नाही, हे दोहोंच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्यावाचून कळत नाही.

ह्या विषयाची आजवर झालेली चर्चा मुख्यत्वेकरून दोन अंगांनी झाली आहे. एक अंग कायद्याचे : रुग्णाचे गुपित राखले जाईल काय, त्याची संमती कशी घ्यावी, नोंदींवर हक्क कोणाचा. दुसरे अंग यंत्राचे : नोंदी कोठे साठवाव्यात, एका यंत्रणेतून दुसऱ्या यंत्रणेत कशा न्याव्यात. ही दोन्ही अंगे महत्त्वाची आहेत, ह्यात शंका नाही. परंतु त्यांच्याही आधी येणारा एक प्रश्न बहुधा विचारलाच जात नाही, आणि तो भाषेचा आहे. रुग्णनोंद ही मुळात एक भाषिक कृती आहे. रुग्ण आपल्या बोलीत काही सांगतो, वैद्य ते आपल्या शास्त्राच्या परिभाषेत लिहितो आणि तिसराच कोणी त्या लिखाणावरून एक संकेतांक ठरवितो. नोंदसंग्रहात येऊन पडतो तो हा संकेतांक. म्हणजे संशोधकाच्या हाती येणारी प्रत ही भाषांतराचे भाषांतर असते. मात्र तिच्यावर भाषांतर असल्याची कोणतीही खूण नसते.

संकेतांकामुळे भाषांतराची गरज नाहीशी होते, असा ह्या क्षेत्रातील सर्वसाधारण समज आहे. तो समज सयुक्तिक नाही, संकेतांकामुळे भाषांतर नाहीसे न होता केवळ दृष्टिआड होते, आणि त्याचे परिणाम थेट औषधोपचारापर्यंत जाऊन पोहोचतात, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य आहे.

२

रोगांची आंतरराष्ट्रीय यादी कशी घडली, हे पाहिले म्हणजे तिचे खरे स्वरूप ध्यानात येते. इंग्लंडच्या जन्ममृत्यू नोंदणी कार्यालयातील विल्यम फार ह्याने १८३९ साली, त्या कार्यालयाच्या पहिल्याच वार्षिक अहवालात, एकाच रोगाला अनेक नावे व एकाच नावाखाली अनेक रोग, ही तक्रार मांडली होती. पुढे १८५३ साली ब्रुसेल्स येथे भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय संख्याशास्त्र परिषदेने सर्व देशांस वापरता येईल अशी मृत्युकारणांची यादी करण्याचे काम फार आणि जिनिव्हाचा मार्क देस्पिन ह्या दोघांवर सोपविले. दोघांनी १८५५ साली पॅरिस येथे दोन स्वतंत्र याद्या सादर केल्या. फारच्या यादीत शरीरातील स्थानाला प्राधान्य होते. देस्पिनच्या यादीत रोगाच्या प्रकृतीला. परिषदेने ह्या दोहोंची तडजोड करून १३९ सदरांची एक यादी संमत केली.

हा प्रसंग केवळ इतिहासातील एक मौज म्हणून सोडून देण्यासारखा नाही. स्थानावरून वर्गीकरण आणि प्रकृतीवरून वर्गीकरण ही दोन भिन्न व्याकरणे होत, आणि त्यांची तडजोड म्हणजे दोन व्याकरणांचे नियम एकाच पुस्तकात बांधणे होय. १८९३ साली झाक बर्तियाँ ह्याने तयार केलेली सुधारित यादी, १९४८ साली जागतिक आरोग्य संघटनेने स्वीकारलेली सहावी आवृत्ती, १९९० साली संमत झालेली दहावी आवृत्ती आणि २०१९ साली स्वीकारली जाऊन १ जानेवारी २०२२ पासून अमलात आलेली अकरावी आवृत्ती, ह्या साऱ्या परंपरेत तो मूळचा तडजोडीचा अंश टिकून राहिला आहे. पक्षाघाताचेच उदाहरण घ्यावे. मेंदूतील रक्तवाहिन्यांचे विकार दहाव्या आवृत्तीत रक्ताभिसरणाच्या प्रकरणात होते. अकराव्या आवृत्तीत ते मज्जासंस्थेच्या प्रकरणात गेले. रोग तोच, रुग्णही तोच. बदलली ती केवळ वाक्यातील जागा. परंतु एक देश दहावी आवृत्ती वापरीत असेल व दुसरा अकरावी, तर दोघांच्या 'रक्ताभिसरणाच्या विकारां'ची तुलना करणारा असावध अभ्यासक ह्या स्थलांतरालाच रोगाचा चढउतार समजण्याचा संभव आहे.

रोगाचे नाव हे निव्वळ लेबल नसते, त्यात कारणासंबंधीची एखादी उपपत्ती दडलेली असते, ही गोष्ट मराठी वाचकास वेगळी समजावून देण्याची आवश्यकता नाही. 'अर्धांगवायू' ह्या शब्दात वाताचा सिद्धान्त आहे, 'मधुमेहा'त लघवीची गोडी आहे, 'क्षया'त शरीराची झीज आहे आणि 'देवी' ह्या नावात तर रोगाची अधिष्ठात्रीच आहे. युरोपीय नावांची गोष्टही वेगळी नाही. 'मलेरिया' म्हणजे दूषित हवा. डासाचा शोध लागल्यावरही शब्द तोच राहिला. 'हिवताप' हा आपला शब्द कारण सांगत नाही, लक्षण सांगतो. म्हणून तो एका परीने अधिक सावध आहे. हे सारे शब्द एकाच संकेतांकाखाली आणले म्हणजे त्यांच्या उपपत्ती एक होतात असे नाही. त्या फक्त दिसेनाशा होतात.

३

शब्दाचा अर्थ त्याच्या एकट्याच्या ठिकाणी नसून शेजारच्या शब्दांशी असलेल्या त्याच्या भेदात असतो, हा सोस्यूरचा सिद्धान्त भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास परिचित आहे. ह्या भेदजन्य अर्थाला तो 'मूल्य' म्हणतो. रुग्णनोंदींच्या संदर्भात ह्या सिद्धान्ताची सत्यता पडताळून पाहण्याचे प्रसंग विसाव्या शतकात एकाहून अधिक वेळा आले, आणि तेही भाषाशास्त्रज्ञांच्या नव्हे तर वैद्यांच्या प्रयत्नांनी.

पहिला प्रसंग श्वसनरोगांचा. १९५०-६० च्या सुमारास ब्रिटनच्या आकडेवारीत 'क्रॉनिक ब्रॉन्कायटिस'चे प्रमाण फार मोठे दिसे, तर अमेरिकेत तशाच रुग्णांत 'एम्फिसीमा' हे निदान प्रचलित होते. ब्रिटनची हवा, तेथील कोळशाचा धूर, लोकांच्या सवयी अशी अनेक कारणे ह्या फरकासाठी पुढे करता येण्यासारखी होती. १९६४ साली लंडन व शिकागो येथील रुग्णांची एकाच पद्धतीने तपासणी करून तुलना प्रसिद्ध करण्यात आली, तेव्हा दोन्हीकडील रुग्ण बव्हंशी सारखेच असल्याचे दिसून आले. फरक मुख्यतः शब्दाचा होता. आणि लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, हे दोन्ही देश इंग्रजीच बोलतात.

दुसरा प्रसंग मानसरोगांचा. अमेरिकेतील मनोरुग्णालयांत छिन्नमनस्कतेचे निदान फार मोठ्या प्रमाणात होत असे. इंग्लंडमध्ये त्या मानाने उन्माद-विषाद विकृतीचे निदान अधिक होई. ही तफावत समाजातील आहे की वैद्यांच्या परिभाषेतील, हे ठरविण्यासाठी न्यूयॉर्क व लंडन येथील संशोधकांनी १९६० नंतरच्या दशकात संयुक्त अभ्यास हाती घेतला. आधी ठरवून घेतलेली एकच प्रश्नावली वापरून दोन्हीकडील रुग्णांच्या मुलाखती घेण्यात आल्या. १९७२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, समान पद्धतीने निदान केल्यावर तफावतीचा बराच मोठा भाग नाहीसा झाला. न्यूयॉर्कच्या वैद्याच्या भाषेत 'छिन्नमनस्कता' ह्या शब्दाचे क्षेत्र विस्तृत होते, लंडनच्या वैद्याच्या भाषेत संकुचित. संख्या मोजणाऱ्याने मात्र दोन्ही ठिकाणी एकच शब्द मोजला होता.

तिसरा प्रसंग जपानचा आहे आणि तो सर्वांत बोलका आहे. जपानमध्ये मृत्यूच्या दाखल्यावर 'हृदयक्रिया बंद पडणे' अशा अर्थाचे कारण लिहिण्याची वहिवाट होती. अंतकाळी कोणाचेही हृदय बंद पडतेच; तेव्हा हे कारण खोटे नव्हते, परंतु कारण म्हणून ते पोकळ होते. १९९५ च्या आरंभी दहावी आवृत्ती लागू करताना दाखल्याचा नमुना बदलण्यात आला, आणि रोगाची अंतिम अवस्था ह्या अर्थाने हृदयाचा वा श्वसनाचा निकामीपणा लिहू नये, अशी सूचना त्यावर छापण्यात आली. ह्या सूचनेची पूर्वकल्पना वैद्यांस आधीच देण्यात आलेली होती. परिणाम असा झाला की, १९९३ साली सुमारे १ लक्ष ८० हजार दिसणारे हृदयरोगाचे मृत्यू १९९५ साली सुमारे १ लक्ष ३९ हजारांवर आले, आणि मेंदूतील रक्तवाहिन्यांच्या विकारांनी त्यांची जागा घेतली. मूळ कारण निवडण्याचे नियमही त्याच वेळी बदलल्यामुळे ह्या उलथापालथीस हातभार लागला. दोन वर्षांत जपानी माणसांची हृदये एवढी सुधारली नव्हती. एका कागदावर एक वाक्य अधिक छापले गेले होते.

ह्या तीनही उदाहरणांत एक समान सूत्र आहे. प्रत्येक वेळी भ्रम दूर झाला तो आकडे अधिक गोळा केल्यामुळे नव्हे, तर मूळ नोंद कशी लिहिली जाते हे कोणीतरी जाऊन पाहिल्यामुळे. नोंदींची संख्या वाढविल्याने यदृच्छेने होणाऱ्या चुका कमी होतात, हा संख्याशास्त्राचा नियम खरा आहे. परंतु शब्दार्थाच्या तफावतीतून होणारी चूक यदृच्छेने होत नसते. ती एकाच दिशेने होत असते. नोंदी दसपट केल्या तर ती तेवढीच राहते, आणि तिच्यावरचा विश्वास मात्र वाढतो.

४

हा विश्वास किती महाग पडू शकतो, ह्याचे उदाहरण २०२० साली सर्व जगाने पाहिले. त्या वर्षी २२ मे रोजी 'लॅन्सेट' ह्या विख्यात वैद्यकीय नियतकालिकात एक लेख प्रसिद्ध झाला. सर्जिस्फिअर नावाच्या अमेरिकन कंपनीच्या नोंदसंग्रहाच्या आधारे, सहा खंडांतील ६७१ रुग्णालयांतील ९६,०३२ कोविड-रुग्णांचा अभ्यास केल्याचे त्यात म्हटले होते. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन व तत्सम औषध दिलेल्या रुग्णांत मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले, असा त्याचा निष्कर्ष होता. तीनच दिवसांनी जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या चाचणीतील ह्या औषधाचा भाग तात्पुरता थांबविला.

लवकरच शंका उपस्थित झाल्या. ऑस्ट्रेलियातील पाच रुग्णालयांत २१ एप्रिलपर्यंत ७३ मृत्यू झाल्याचे लेखात दाखविले होते. त्या दिवसापर्यंत सबंध ऑस्ट्रेलियात ६७ मृत्यूंचीच नोंद होती. आशियातील एक रुग्णालय चुकून ऑस्ट्रेलियात गणले गेले, असा खुलासा करण्यात आला. शंभरांहून अधिक संशोधकांनी जाहीर पत्र लिहून रुग्णालयांची नावे, देशवार आकडे आणि मूळ सामग्री ह्यांची मागणी केली. स्वतंत्र तपासणीसाठी ती सामग्री मिळू शकली नाही, म्हणून चौघांपैकी तिघा लेखकांनी ४ जून रोजी लेख मागे घेतला. त्याच दिवशी दुसऱ्या एका प्रमुख नियतकालिकातील, त्याच संग्रहावर आधारलेला लेखही मागे घेण्यात आला. थांबविलेली चाचणी तत्पूर्वी आदल्याच दिवशी पुन्हा सुरू करण्याचे ठरले होते. हे औषध गुणकारी नसल्याचे पुढे रीतसर चाचण्यांतून निष्पन्न झाले, ही गोष्ट वेगळी. त्यामुळे मागे घेतलेल्या लेखाचे समर्थन होत नाही.

ह्या प्रकरणाची चर्चा प्रायः सचोटीच्या दृष्टीने झाली. भाषेच्या दृष्टीने पाहता आणखी एक गोष्ट नजरेस येते. सहा खंडांतील शेकडो रुग्णालये म्हणजे निदान काही डझन भाषांतील टिपणे, अनेक लिप्या, औषधांची भिन्न व्यापारी नावे आणि 'अत्यवस्थ' वा 'पूर्वीचा हृदयविकार' ह्यांसारख्या शब्दांच्या देशपरत्वे भिन्न मर्यादा. ह्या सर्वांचे एकाच साच्यात रूपांतर काही आठवड्यांत कसे झाले, कोणी केले, कोणत्या नियमांनी केले, हा प्रश्न लेख छापण्यापूर्वी परीक्षकांच्या मनात यावयास हवा होता. महाभारताच्या शेकडो हस्तलिखितांवरून आपण संहिता सिद्ध केली आहे, परंतु हस्तलिखिते कोणती व कोठली हे सांगणार नाही, असे म्हणणाऱ्या संपादकाचा ग्रंथ कोणत्याही विद्यापीठाने स्वीकारला नसता. वैद्यकाच्या क्षेत्रात तो स्वीकारला गेला, कारण संकेतांकांना मातृभाषा नसते असे तेथे गृहीत धरले जाते.

५

ह्याच्या उलट, मूळ वाक्य जपून ठेवण्याचा एक मोठा प्रयत्न भारतात झाला आहे आणि त्याची चिकित्सा येथे करणे अगत्याचे आहे. भारतात नोंदल्या जाणाऱ्या मृत्यूंपैकी वैद्याने कारण प्रमाणित केलेले मृत्यू सुमारे पंचमांशाहून थोडेच अधिक भरतात. ही उणीव भरून काढण्यासाठी महानिबंधकांच्या नमुना नोंदणी पद्धतीचा आधार घेऊन दशलक्ष मृत्यूंचा अभ्यास हाती घेण्यात आला. प्रशिक्षित नोंदणीसांनी मृताच्या घरी जाऊन नातेवाइकांचे कथन स्थानिक भाषेत लिहून घेतले. मग दोन वैद्यांनी, एकमेकांचे मत न पाहता, त्या कथनावरून स्वतंत्रपणे संकेतांक दिला. मतभेद झाल्यास तो परस्परांनी तपासावा आणि तरीही न मिटल्यास तिसऱ्या ज्येष्ठ वैद्याने निर्णय द्यावा, अशी योजना होती. महाराष्ट्रातील घरांची कथने साहजिकच मराठीत आली.

ह्या अभ्यासातून निघालेले दोन निष्कर्ष तुलनेने पाहण्यासारखे आहेत. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात, सत्तर वर्षांखालील सुमारे २ लक्ष ५ हजार व्यक्ती भारतात दरवर्षी हिवतापाने मरत असाव्यात, असे अनुमान होते. जागतिक आरोग्य संघटनेचे त्या वेळचे अनुमान सुमारे १५ हजारांचे होते. संघटनेने आक्षेप घेतला की, हिवतापाची लक्षणे इतर अनेक तापांत आढळतात, त्यामुळे नातेवाइकांच्या कथनावरून तो ओळखता येत नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या निबंधात सर्पदंशाने दरवर्षी सुमारे ४६ हजार मृत्यू होत असल्याचे अनुमान होते. सरकारी रुग्णालयांच्या नोंदींत ह्याचा अल्पांशच दिसत होता. येथे मात्र हिवतापाएवढा वाद माजला नाही, आणि २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंशाचा समावेश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांत केला.

पद्धती एकच असताना एक निष्कर्ष वादग्रस्त का व्हावा आणि दुसरा ग्राह्य का ठरावा? ह्याचे उत्तर बव्हंशी शब्दार्थात आहे. 'साप चावला' ह्या वाक्याचा अर्थ कोणत्याही घरात, कोणत्याही बोलीत बहुतांशी निश्चित आहे. 'ताप आला' ह्या वाक्याचा तसा नाही. 'ताप' हा शब्द मराठीत अंगाच्या उष्णतेपासून मनाच्या त्रासापर्यंत पसरलेला आहे. 'हुडहुडी भरली' म्हटल्याने हिवतापाकडे कल झुकतो, 'कसकस होती' म्हटल्याने तो तितका झुकत नाही. 'दम लागत होता' म्हणजे दमा असेल, फुप्फुसाचा दाह असेल किंवा हृदयाचा निकामीपणाही असेल; 'धाप' आणि 'दम' ह्यांतील सूक्ष्म भेद प्रदेशागणिक बदलतो. 'अंगावरून वारे गेले' हे वाक्य ग्रामीण भागात पक्षाघातासाठी सर्रास वापरले जाते. ते ठाऊक नसलेल्या वाचकास त्यात रोगच दिसणार नाही. तेव्हा कथनाधिष्ठित निदानाची विश्वसनीयता सर्व रोगांस एकसारखी नसून त्या त्या रोगाच्या लोकभाषेतील शब्दांच्या निश्चिततेवर अवलंबून असते, असे म्हणणे प्राप्त आहे. हे वैद्यकापेक्षा अर्थविचाराचे काम अधिक आहे, आणि विद्यापीठांतील भाषाविभागांनी ते आजवर आपले मानलेले नाही, ही खेदाची गोष्ट होय.

तथापि ह्या अभ्यासाचे खरे महत्त्व त्याच्या आकड्यांत नाही. कथने लिहून ठेवलेली असल्यामुळे वाद मिटविण्यासाठी परत जाण्याची जागा तेथे शिल्लक आहे. दोन वैद्यांत मतभेद कोठे झाला, हेही तेथे पाहता येते. निव्वळ संकेतांकांच्या संग्रहात ही सोय नसते.

६

ह्यावर एक गंभीर आक्षेप येऊ शकतो, आणि तो टाळणे योग्य नव्हे. संकेतांकात रुग्णाची ओळख पटत नाही, कथनात पटते. गावाचे नाव, घरातील माणसे, मृत्यूची हकीकत ह्यांवरून व्यक्ती हुडकून काढणे अवघड नाही. कथने देशाबाहेर पाठविणे म्हणजे कुटुंबाचे दुःख परक्या हाती देणे होय. भारताचा २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा व युरोपात २०१८ पासून लागू असलेले नियम ह्यांच्या मुळाशी हीच चिंता आहे.

आक्षेप खरा आहे, परंतु तो नोंदी एका जागी गोळा करण्याच्या पद्धतीस लागू पडतो. दुसरी पद्धत आज प्रचारात आली आहे. तीत नोंदी आपापल्या रुग्णालयातच राहतात. प्रवास करतो तो प्रश्न. संशोधक आपला प्रश्न एका ठरावीक रूपात प्रत्येक केंद्राकडे पाठवितो, केंद्र आपल्या नोंदींवरून उत्तर काढते आणि केवळ एकत्रित आकडे परत पाठविते. 'ओमॉप' ह्या नावाने ओळखला जाणारा सामाईक नोंदसाचा वापरणारे अनेक देशांतील संशोधक ह्याच रीतीने काम करतात. ह्या रीतीचा कायदेशीर लाभ सर्वांस दिसतो. भाषिक लाभ त्याहून मोठा आहे. नोंद जेथे लिहिली गेली तेथेच राहते, म्हणजे तिची भाषा जाणणाऱ्या माणसांजवळ राहते. शिवाय ह्या साच्यात प्रमाण संकेतांकाच्या शेजारी मूळची नोंदही ठेवण्यासाठी स्वतंत्र रकाना आहे. तो बहुधा स्थानिक संकेतांकानेच भरला जातो, वैद्याच्या वाक्याने नव्हे, ही त्यातील उणीव आहे. पण तत्त्व योग्य आहे.

हे तत्त्व पुण्यास अपरिचित नाही. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली आरंभिलेली व १९६६ साली पूर्ण केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती ह्याच तत्त्वावर उभी आहे. निरनिराळ्या लिप्यांतील हस्तलिखिते ताडून पाहून वर एक संहिता सिद्ध करावयाची. परंतु जे पाठ वर घेतले नाहीत ते टाकून न देता तळटीपांत नोंदवावयाचे. आणि जेथे संपादकास पुरता भरवसा नाही, तेथे शब्दाखाली नागमोडी रेघ द्यावयाची. वाचकास संपादकाशी मतभेद करण्याचे साधन त्याच पानावर उपलब्ध करून देणे, हा त्या आवृत्तीचा मोठेपणा आहे. आंतरराष्ट्रीय नोंदसंग्रहात आज वरची संहिता तेवढी आहे. तळटीपा क्वचित आहेत, नागमोडी रेघ जवळजवळ नाहीच.

अकरावी आवृत्ती ह्या बाबतीत एक पाऊल पुढे गेली आहे, हे मान्य केले पाहिजे. तिच्यात सुमारे १७,००० निदानसदरे आहेत. त्याहून विशेष म्हणजे मूळ संकेतांकास विशेषक जोडून संयुक्त पद बनविण्याची सोय तिच्यात आहे. निदान तात्पुरते आहे, किंवा ते अनेक पर्यायांपैकी एक आहे, हेही विशेषकाने दर्शविता येते. शब्दांच्या यादीला प्रथमच व्याकरण लाभले, असे म्हणता येईल. परंतु हे विशेषक ऐच्छिक आहेत. घाईत असलेला लेखनिक ते गाळणार, आणि गाळल्याची खूण कोठेही उरणार नाही. 'इतर' व 'अनिर्दिष्ट' ही दोन शेषसदरेही आवृत्तीभर पसरलेली आहेत. ज्या समाजाची भाषा यादी करणाऱ्यांस परिचित नाही, त्याच्या नोंदी त्यांतच अधिक प्रमाणात जाऊन पडण्याचा संभव आहे. जानेवारी २०२४ मध्ये आयुर्वेद, सिद्ध व युनानी ह्या पद्धतींतील विकारांचे एक उपांग ह्या आवृत्तीस जोडण्यात आले, ही स्वागतार्ह गोष्ट होय. मात्र शास्त्रग्रंथांतील संज्ञांना जागा मिळाली म्हणजे 'अंगावरून वारे गेले' म्हणणाऱ्या शेतकरणीच्या शब्दाला जागा मिळाली असे नव्हे. ग्रंथाची परिभाषा आणि घरची बोली ह्यांतील अंतर भारतातही तितकेच मोठे आहे.

तेव्हा देशोदेशींच्या नोंदी संशोधनासाठी एकत्र आणण्याच्या प्रयत्नास विरोध करण्याचे कारण नाही. त्या प्रयत्नास संपादनाची शिस्त लावण्याचे कारण आहे. ह्या शिस्तीची तीन कलमे वरील विवेचनावरून निघतात. प्रत्येक संकेतांकाबरोबर, तो ज्या शब्दांवरून दिला गेला ते मूळ शब्द, निदान त्या केंद्राच्या ताब्यात, जपले जावेत. संकेतांक देणाऱ्यांत मतभेद झाला असेल किंवा शंका असेल तर ती खूण नोंदीसह प्रवास करावी व ऐच्छिक असू नये. आणि अशा संग्रहावर आधारलेल्या प्रत्येक निबंधात, मूळ नोंदी कोणत्या भाषांत होत्या व त्यांचे रूपांतर कोणी, कोणत्या नियमांनी केले, ह्याचा हवाला दिल्यावाचून तो छापण्यास घेऊ नये.

ह्यांपैकी तिसरे कलम अमलात आणण्यास पैसा लागत नाही, यंत्र लागत नाही, नवा कायदाही लागत नाही. नियतकालिकांच्या संपादकांचा निश्चय पुरेसा आहे. पहिल्या कलमासाठी मात्र त्या त्या प्रदेशातील रोगविषयक शब्दांचे अर्थक्षेत्र शोधून नोंदविणारे कोश लागतील. मराठीपुरते ते काम वऱ्हाडी, खानदेशी, कोकणी किनारपट्टीच्या व मराठवाड्याच्या बोलींत जाऊन करावे लागेल, आणि ते वैद्यक महाविद्यालयांवर सोपवून होण्यासारखे नाही. ते भाषेच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे काम आहे.